तार येते कुठून, तुटली तर येतो कोण

ऑफिसला नेट घ्यायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते स्पीडवरून. शंभरचं घ्यायचं की दोनशेचं, आणि महिन्याला किती पडेल? भंडारा, तुमसर, साकोलीच्या बाजारात एजंटही याच दोन आकड्यांवर सौदा पटवतो. छोट्या कंपनीच्या रोजच्या कामाला खरं तर स्पीड फारसा लागत नाही. ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, बँकेचं आरटीजीएस, मेल, हे सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही निभतं. केंद्राच्या दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्याची किमान पायरी ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. एका माणसाला बिलं काढायला तेवढंही पुरतं. अडचण एवढीच की नेट त्याच मिनिटाला सुरू असावं लागतं. तांदळाचा ट्रक भरून गेटवर उभा असतो, ड्रायव्हरला रायपूर गाठायचं असतं आणि आतून आवाज येतो, ‘भाऊ, नेट काऊन नाही चालून राहिलं?’

राइस मिलवाल्यांना ही अडचण अलीकडे जास्त जाणवते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी आला आणि सुट्या मालाला न लागणारं ई-वे बिल त्या पिशव्यांना लागू लागलं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे ई-इनव्हॉइस काढावंच लागतं. दहा कोटींवरच्यांना १ एप्रिल २०२५ पासून तीस दिवसांची मुदतही घातली आहे. कागदी बिलबुक काढून वेळ मारून नेण्याचे दिवस गेले. म्हणून भंडारा जिल्ह्यात नेट निवडताना मी स्पीडचा प्रश्न तिसरा ठेवतो. तार येते कुठून हा पहिला, आणि ती तुटली तर कोण येतो, किती वेळात, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. इथून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. भंडारा, लाखनी, साकोली ही गावं राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे आपण अजूनही ज्याला सहा नंबरचा हायवे म्हणतो त्यावर, ओळीने बसलेली आहेत. मोहाडी आणि तुमसर त्याच्या उत्तरेला, पवनी आणि लाखांदूर दक्षिणेला वैनगंगेच्या अंगाने. दुसरी मोठी वाट मुंबई-हावडा रेल्वेची. वरठीचं भंडारा रोड आणि देव्हाडीचं तुमसर रोड ही तिच्यावरची आपली स्टेशनं. लांब पल्ल्याची फायबर केबल अशाच वाटा धरून जाते, कारण सलग जागा तिथेच मिळते. रेलटेल ही रेल्वेची कंपनी २००० मध्ये स्थापन झाली ती रुळांलगतच्या तारा वापरण्यासाठीच. उच्चदाब विजेच्या मनोऱ्यांवरूनही फायबर जाते. बाकी बराचसा पसारा रस्त्याकडेच्या खंदकात असतो.

आणि रस्त्याकडेला जेसीबी असतो. लाखनी-साकोलीच्या उड्डाणपुलांची कामं ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. गटाराची नाली, पाण्याची पाइपलाइन, रुंदीकरण, काहीही निघालं की केबल तुटते. खोदण्याआधी तिथे कोणाची तार आहे हे कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप काढलं. जेसीबीचा ऑपरेटर ते उघडून बघेल तो सुदिन. मुद्दा असा की दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा एकाच खंदकातून जात असतील तर दोन बिलं भरूनही तुमचं नेट एकाच फटक्यात जातं. तेव्हा कोणाकडूनही लाइन घेताना विचारावं: तुमची नागपूरला जाणारी दुसरी वाट कोणती? जाणकार माणूस असेल तर तो ‘रिंग आहे’ म्हणेल आणि एक बाजू हायवेने, दुसरी रेल्वेने किंवा तुमसर-रामटेककडून जाते, असं काहीतरी ठोस सांगेल. पवनीच्या माणसाला उमरेडकडची वाट ऐकायला मिळाली पाहिजे. ‘टेन्शन नका घेऊ जी, आपलं नेट जातच नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरी वाट नाही असं समजून चालावं.

आता काय काय मिळतं ते पाहू.

बीएसएनएलची फायबर जिल्ह्यात सगळ्यांत खोलवर गेलेली आहे, कारण तिच्यामागे जुन्या टेलिफोन एक्सचेंजांचं जाळं आहे. मात्र आपल्या आठवणीतलं बीएसएनएल आता राहिलेलं नाही. ३१ जानेवारी २०२० ला देशभरात तिचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. ज्या लाइनमनला आपण नावाने ओळखत होतो तो घरी बसला, आणि घरापर्यंतच्या तारेचं काम ठिकठिकाणी उत्पन्नात वाटा घेणाऱ्या स्थानिक भागीदाराकडे गेलं. म्हणजे बिल बीएसएनएलचं, पण शिडी लावून खांबावर चढणारा माणूस गावातला. तो माणूस चांगला असेल तर सेवा उत्तम, नसेल तर तक्रार क्रमांक घेऊन बसून राहावं. एकाच तालुक्यात दोन गावांत बीएसएनएलबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात ती यामुळे. कनेक्शन घेण्याआधी कंपनीची चौकशी करण्यापेक्षा या भागीदाराची करावी: त्याच्याकडे जोडणीचं मशीन स्वतःचं आहे का, की ते नागपूरहून मागवावं लागतं? फायबर वितळवून जोडणारं हे स्प्लाइसिंग मशीन गावात असलं तर तुटलेली तार तासा-दोन तासांत जोडली जाते. नसलं तर उद्यावर जातं.

स्थानिक केबलवाले आणि छोटे इंटरनेट पुरवठादार यांचंही तेच. परवान्याच्या भाषेत देशभराचा, दूरसंचार सर्कलपुरता आणि जुन्या दूरसंचार जिल्ह्यापुरता, असे अ, ब, क वर्ग असतात. आपल्या गल्लीतला माणूस बऱ्याचदा यांतल्या एखाद्याचा फ्रँचायझी असतो. याच्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्याचं दुकान बाजारात आहे, त्याची पोरं आपल्या पोरांच्या शाळेत आहेत, रात्री नऊला फोन केला तर तो उचलतो. मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरला लाखांदूर कुठे आहे हे समजावण्यात जातो तेवढ्या वेळात याचा पोरगा मोटारसायकलवर येऊन पोहोचतो. त्याची कमजोरी दुसरीकडे असते. त्याचं मुख्य यंत्र, ओएलटी, एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत असतं आणि महावितरणची वीज गेली की त्याच्या बॅटरीवर सगळ्या गावाचं नेट टिकून असतं. ‘बॅकअप किती तासांचा?’ हे विचारायला लाजू नये. जमलं तर खोली जाऊन बघावी.

तार आली म्हणजे काम झालं असंही नाही. तपासायची एक गोष्ट सांगतो, ती फार कमी लोक तपासतात. फायबर जोडायला आलेल्या पोराच्या हातात छोटा पॉवर मीटर असतो. तार त्याला लावली की आकडा दिसतो, उणे वीस, उणे तेवीस, असा. बाजारात चालणाऱ्या जीपॉन पद्धतीत ग्राहकाकडच्या डब्याला साधारण उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएमच्या मधला प्रकाश लागतो. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सव्वीस असेल तरी त्या दिवशी नेट चालेल, स्पीड टेस्टही झकास येईल आणि पोरगा सही घेऊन जाईल. पण तीन डीबी घटले की प्रकाश निम्मा होतो, आणि तीन डीबी घटायला काय लागतं? एक वाकलेली तार, पावसाचं पाणी शिरलेला एक जोड. मग आषाढात डब्यावरचा ‘लॉस’चा दिवा लाल होतो. म्हणून आकडा विचारावा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा आणि उणे पंचवीसच्या पलीकडे असेल तर ‘जोड पुन्हा मारून दे ना भाऊ’ म्हणावं. तार जमिनीखालून आहे की खांबांवरून तेही बघावं. आपल्याकडे ती बहुधा खांबांवरूनच येते. माकडं तिच्यावर झोके घेतात, खारी कुरतडतात, आणि धान कापणी-मळणी उरकली की तणसाने उंच भरलेले ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून जाताना तिला ओढून नेतात. रस्ता ओलांडणारी तार पुरेशी उंच बांधून घेतली तर वर्षातले निम्मे फोन वाचतात.

याच जीपॉनबद्दल आणखी एक. मुख्य यंत्राच्या एका तोंडातून खाली (डाउनलोड) जवळपास २.५ जीबीपीएस आणि वर (अपलोड) १.२५ जीबीपीएस जातं. ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेलं असतं. चौसष्टही जण एकदम भिडले तर वाट्याला खाली चाळीसच्या आत आणि वर विसाच्या आत एमबीपीएस येतात. सगळे एकदम भिडत नाहीत म्हणून तीनशेचे प्लॅन विकता येतात, यात फसवणूक काही नाही. संध्याकाळी आयपीएलच्या वेळी नेट सुस्तावतं त्याचं एक कारण हे. ऑफिस सहाला बंद होत असेल तर तुम्हाला त्याचं सुतकही नाही.

ज्याला त्याचं सुतक आहे असा धंदा म्हणजे वर पाठवणारा. भंडाऱ्यातल्या सीटी स्कॅन सेंटरचं उदाहरण घ्या. रात्री अपघाताचा पेशंट येतो, त्याची चित्रं नागपूरच्या रेडिओलॉजिस्टकडे जाणार. तीनशे एमबीची फाइल ५ एमबीपीएस अपलोडवर आठ मिनिटं घेते, ५० वर पाऊण मिनिट. (एमबी आणि एमबीपीएसमध्ये आठपटीचा फरक आहे हे एजंट सांगत नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी.) सीसीटीव्हीचंही तसंच. मिलमालक नागपूरला घरी बसून आठ कॅमेरे पूर्ण दर्जात बघणार असेल तर दर कॅमेऱ्याला एक-दोन एमबीपीएस धरून मिलमधून सतत ८ ते १६ एमबीपीएस वर जायला हवेत. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो. अपलोडचा आकडा वेगळा विचारावा आणि बिलावर लिहून घ्यावा.

बिनतारी एअरफायबर हा गेल्या दोन-तीन वर्षांतला नवा भिडू. जिओने ते २०२३ च्या गणेश चतुर्थीला आणलं, एअरटेलने त्याच्या दीडेक महिना आधी. छतावर डबा लावला, टॉवरकडे तोंड केलं की त्याच दिवशी सुरू. खांब नको, माकडं नकोत. कोका अभयारण्याच्या कडेच्या गावांत किंवा नुकत्याच उभ्या राहिलेल्या शेडमध्ये, जिथे तार यायला महिने जातील, तिथे याला पर्याय नाही. पण टॉवरची क्षमता त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवाल्यांत वाटली जाते, अपलोड कमी असतं आणि महिन्याच्या डेटाची मर्यादाही तारेपेक्षा आखूड. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये ती ३३०० जीबी असते, एअरफायबरवर साधारण १००० जीबी. आठ कॅमेरे दिवसरात्र वर पाठवत राहिले तर ती महिना संपायच्या आत संपते. शिवाय टॉवरही शेवटी कुठल्यातरी फायबरलाच जोडलेला असतो आणि ती फायबर त्याच हायवेच्या खंदकात असू शकते. एकमेव लाइन म्हणून मी एअरफायबर घेणार नाही, जोडीची लाइन म्हणून नक्की घेईन.

भारतनेटबद्दल गावोगाव अपेक्षा फार. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना २०११ च्या ऑक्टोबरमध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली, २०१५ मध्ये भारतनेट झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम आला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डबा लागला म्हणून अर्ध्या किलोमीटरवरच्या मिलला नेट मिळतं असं नाही. तिथून पुढची तार ओढून सांभाळणारा कोणी असेल तरच ते उपयोगाचं. उपग्रहाचं नेट मला भंडाऱ्यासाठी तरी घाईचं वाटत नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या जुन्या व्हीसॅटला उत्तर यायला अर्ध्या सेकंदावर वेळ लागतो, आणि जिथे फायबर पोहोचू शकते तिथे त्याची गरज नाही.

राहिली लीज्ड लाइन. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी हिच्यासाठी मागे लागतात. वर-खाली सारखी गती, कोणाशी वाटणी नाही, स्थिर आयपी, आणि लेखी हमी. ब्रॉडबँड महिन्याला हजार-दोन हजारांत होतं, तर हिचं बिल साध्या १०-२० एमबीपीएसलाही त्याच्या कितीतरी पट जातं, आडबाजूला तार ओढायची असेल तर आणखी वर. हमीचा आकडा वाचायला शिकावं. ९९.५ टक्के म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास बंद राहण्याची मुभा, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. त्यातूनही तुमच्या आवारातली वीज जाणं, दुसऱ्याने तार तोडणं, पूर, अशा गोष्टी करारात वगळलेल्या असतात. आणि हमी मोडली तर मिळते ती बिलात सूट. अडकलेल्या ट्रकचं भाडं कोणी देत नाही. सनफ्लॅग किंवा अशोक लेलँडसारख्या कारखान्याचं गणित वेगळं. दहा-पंधरा माणसांच्या कंपनीने मात्र आधी दोन स्वस्त लाइनींचा हिशेब मांडून बघावा.

तो हिशेब साधा आहे. एक फायबर, स्थानिक किंवा बीएसएनएलची. दुसरी वेगळ्या कंपनीची, जमेल तर वेगळ्या वाटेने आलेली किंवा बिनतारी. मध्ये दोन लाइनी घेणारा राउटर, जो पहिली गेली की आपोआप दुसरीवर जातो. इथे एक खोच आहे. दुकानदार ‘लोड बॅलन्सिंग’ लावून देतो, म्हणजे दोन्ही लाइनी एकदम वापरल्या जातात. ऐकायला बरं वाटतं, पण एक क्लिक एका आयपीवरून, दुसरी दुसऱ्यावरून गेली की बँकेची साइट मध्येच बाहेर फेकते. पोर्टलवर काम करणाऱ्या ऑफिसात नुसता ‘फेलओव्हर’ ठेवावा. आणि महिन्यातून एकदा पहिली तार मुद्दाम काढून बघावी. दुसरी लाइन रिचार्ज संपून मेलेली असते हे गरजेच्याच दिवशी कळतं.

स्थिर आयपी घ्यायचा का? कंपनी जर स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून थेट एपीआयने ई-वे बिल किंवा ई-इनव्हॉइस काढत असेल तर सरकारी यंत्रणेत आयपी नोंदवावा लागतो, तेव्हा हवाच. घरून ऑफिसचं टॅली उघडायला किंवा कॅमेरे बघायला तो आता फारसा लागत नाही, त्याला दुसरे सुरक्षित मार्ग आहेत. कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडा ठेवून जगाला दार मोकळं करण्यापेक्षा ते बरे.

बिल कोणाच्या नावाचं हेही आधीच ठरवावं. बरेच जण शेठच्या नावावर घरगुती प्लॅन घेऊन ऑफिसात चालवतात. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळतो, घरगुती बिलावर बुडतो. कंपोझिशनवाल्याला तसाही मिळत नाही, त्याने या कारणासाठी बिझनेस प्लॅनचा जादा दर देऊ नये.

आवारातल्या गोष्टींकडे पुरवठादार बघत नाही, ते आपलं आपण. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय मरतं आणि दोष नेटवाल्याला जातो. तक्रार करण्याआधी लॅपटॉप थेट तारेने राउटरला जोडून बघावा. मिलमध्ये धर्मकाट्याची खोली ऑफिसपासून लांब, गेटजवळ असते. तांब्याची लॅन केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, एकशे तीस मीटर ओढली की काटा कधी दिसतो, कधी नाही. शिवाय मृगाच्या विजा कडाडल्या की उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या तारेतून स्विच, कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डब्बा सगळंच जळतं. दोन इमारतींमध्ये फायबर टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर लावला की दोन्ही भानगडी मिटतात, खर्चही फार नाही. राउटर भुशाच्या धुळीत ठेवू नये. आणि जमिनीलगत तर नकोच. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी भंडारा शहरातल्या वस्त्यांत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काय काय गेलं ते लोक विसरलेले नाहीत. यूपीएस आणि राउटर छातीच्या उंचीवर, भिंतीला.

तक्रारीचं एक सांगून ठेवतो. फोनवर केलेली तक्रार क्रमांकाशिवाय तक्रार नसते. क्रमांक घ्यावा, निकाली निघाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला भाड्यात सूट मिळते. हे जिल्हाभराच्या खोळंब्यासाठी आहे, तुमच्या दारातल्या तुटलेल्या तारेसाठी नाही.

नवी लाइन घ्यायचीच तर ती आषाढ-श्रावणात घ्यावी. दिवाळीनंतर धान खरेदी सुरू झाली की मिलवाल्याला मान वर करायला वेळ नसतो, आणि कोरड्या हवेत सगळ्याच तारा बऱ्या चालतात. वर्षभराचे पैसे आधी भरून सवलत घेण्याऐवजी पहिले तीन महिने महिन्याच्या हप्त्यानेच भरावेत. भर पावसात जी लाइन आठवड्यातून एकदाच गेली आणि गेली तेव्हा माणूस त्याच दिवशी आला, तिचं वर्षाचं बिल मग भरायला हरकत नाही.